कागद नसलेली नोकरी अर्जात लिहायची का?

सांगली जिल्ह्यातून ३१ वर्षांच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नावगाव वगळून त्यांचा प्रश्न असा :

"डिसेंबर २०२४मध्ये माझं लग्न झालं. नवरा कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो, तिथे पीआर (कायमचा रहिवासी) आहे. तो मला स्पॉन्सर करतोय. अर्जात दहा वर्षांचा तपशील मागितलाय आणि मी तिथेच अडकलेय. २०१६ला एम.कॉम. झाले. मग पुण्यात तीन-चार महिने कॉल सेंटर. राजीनामा न देताच सोडलं, म्हणून रिलीव्हिंग लेटर नाही. पुढे फेब्रुवारी २०१९पर्यंत एमपीएससीचा अभ्यास. त्यातलं दीड वर्ष संध्याकाळी एका क्लासमध्ये दहावीला बीजगणित शिकवलं, पगार रोख. मग वडील आजारी पडले, गावी आले आणि २०२१ संपेपर्यंत आमचं कृषी सेवा केंद्र सांभाळलं, बिनपगारी. त्यानंतर लग्नापर्यंत सीएंच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम. पगार बँकेत, पण पीएफ नाही. आता सासरी कराडला आहे. नवऱ्याचे मित्र म्हणतात, ज्याचा कागद आहे तेवढंच लिही, बाकी सगळीकडे 'होममेकर' टाक. अजून एक. २०२१मध्ये एजंटामार्फत स्टडी परमिटचा अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. गॅप दिसू नये म्हणून त्याने मी ऑक्टोबर २०१६ ते डिसेंबर २०२० एका फर्ममध्ये अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह होते असं लिहिलं होतं. आता तेच पुढे चालू ठेवायचं का? खरं लिहिलं तर एवढी रिकामी वर्षं बघून अर्ज फेटाळणार नाहीत ना?"

ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुमची सगळी भीती तिथून आलेली दिसते. रिकाम्या वर्षांमुळे स्पाउस स्पॉन्सरशिपचा अर्ज फेटाळला जात नाही. या अर्जात नोकरीला गुण नसतात. तुमचा पगार किती होता, पद काय होतं, अनुभव सलग होता की तुटक, यावर तुमची पात्रता ठरत नाही. तुमचं लग्न खरं आहे का, नवरा स्पॉन्सर करायला पात्र आहे का, आणि तुमची पार्श्वभूमी, म्हणजे गुन्हे, सुरक्षा, आरोग्य, यांत काही अडचण आहे का, हे तीन प्रश्न अधिकाऱ्यासमोर असतात. दहा वर्षांचा तपशील तिसऱ्या प्रश्नासाठी मागितलेला आहे. त्या काळात तुम्ही कुठे होता आणि काय करत होता, एवढंच त्याला समजून घ्यायचं आहे.

मग मित्र असं का सांगतात? ते खोटं बोलत नसावेत. त्यांच्यापैकी बरेच जण एक्स्प्रेस एंट्रीने, म्हणजे गुणांवर पीआर मिळण्याच्या वाटेने गेलेले असतात. तिथे कामाच्या अनुभवाला गुण मिळतात आणि ज्या नोकरीचे गुण मागायचे तिचं कंपनीचं पत्र जोडावं लागतं. 'कागद असेल तेवढंच लिही' हा सल्ला त्या वाटेवरचा आहे, आणि तोही फक्त गुणांच्या रकान्यापुरता. जोडीदाराच्या अर्जाच्या चेकलिस्टमध्ये तुमची अनुभवपत्रं मागितलेलीच नाहीत. अधिकाऱ्याला शंका आली तर तो नंतर मागू शकतो, पण पत्र नाही म्हणून खरी नोकरी वगळायची असा नियम कुठेही नाही. उलट रिलीव्हिंग लेटर नसलेली नोकरी गाळलीत, तर तेवढा काळ तुम्ही काहीतरी चुकीचं सांगून भरणार आहात.

आता प्रत्यक्ष फॉर्म. हा तपशील आयएमएम ५६६९ मध्ये, म्हणजे शेड्यूल ए मध्ये जातो. हल्ली तो परमनंट रेसिडेन्स पोर्टलवरच भरला जातो. त्यातल्या 'पर्सनल हिस्टरी'ला बहुतेक जण नोकरीचा रकाना समजतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून किंवा गेली १० वर्षं, यांतलं जे अलीकडचं असेल तिथपासूनचा प्रत्येक महिना त्यात हवा असतो. तुमचं वय ३१, म्हणजे तुमच्यासाठी १० वर्षं. कुणी २४ वर्षांची असेल तर तिला सहाच वर्षांचा हिशेब द्यायचा आहे. नोकरी, शिक्षण, बेरोजगारी, घर सांभाळणं, आजारपण, लांबचा प्रवास, सगळं त्यात बसतं. मध्ये महिना सुटला तर प्रक्रिया लांबेल, असं फॉर्ममध्येच स्पष्ट लिहिलेलं असतं.

प्रत्येक ओळीत 'पासून' आणि 'पर्यंत' वर्ष-महिन्यात, मग काय करत होता, गाव आणि देश, त्या देशातला दर्जा, आणि कंपनी, मालक किंवा शिक्षणसंस्थेचं नाव. भारतात असताना दर्जा 'सिटिझन'. दुबईत किंवा सिंगापूरला राहून आलेल्यांनी तिथला तेव्हाचा दर्जा लिहायचा : वर्कर, स्टुडंट, व्हिजिटर. नोकरी नसेल तिथे कंपनीच्या जागी 'नॉट ॲप्लिकेबल'. सर्वांत अलीकडची ओळ आधी.

तुमचा अर्ज नोव्हेंबर २०२५मध्ये जाणार असं धरून तुमच्या ओळी मांडते. महिने तुमच्या पत्रावरून धरले आहेत, ते तपासून घ्या.

डिसेंबर २०२४पासून आजपर्यंत : होममेकर, कराड. इथे हा शब्द खरा आहे, म्हणून इथेच वापरायचा. जानेवारी २०२२ ते नोव्हेंबर २०२४ : अकाउंट्स असिस्टंट, सीएंच्या फर्मचं पूर्ण नाव. पीएफ कापला गेला नाही म्हणून नोकरी कमअस्सल ठरत नाही. पगार बँकेत आला आहे, तो पासबुकात दिसतो. मार्च २०१९ ते डिसेंबर २०२१ : कौटुंबिक दुकानात बिनपगारी काम, आणि दुकानाचं नाव परवान्यावर जसं आहे तसं. परवाना वडिलांच्या नावावर असेल तर स्वतःला 'प्रोप्रायटर' किंवा 'मॅनेजर' लिहू नका. 'अनपेड हेल्पर, फॅमिली बिझनेस' पुरेसं आहे. वडिलांची शुश्रूषाही त्याच काळातली, ती त्याच ओळीत दोन शब्दांत येऊ द्या. ऑक्टोबर २०१६ ते फेब्रुवारी २०१९ : 'अनएम्प्लॉइड, प्रिपेरिंग फॉर स्टेट सिव्हिल सर्व्हिस एक्झाम', पुणे. कुठल्याही विद्यापीठात किंवा महाविद्यालयात नाव घातलेलं नसेल तर इथे 'स्टुडंट' लिहू नका. अभ्यासिकेचं सभासदत्व म्हणजे प्रवेश नव्हे.

त्याच काळातलं क्लासमध्ये शिकवणं वेगळ्या ओळीत, पार्ट-टाइम ट्यूटर म्हणून, क्लासच्या नावासह. दोन ओळींचे महिने एकमेकांवर आले तरी चालतं. फॉर्मला आक्षेप असतो तो मोकळ्या राहिलेल्या महिन्यांना. पगार रोख होता हे लिहायची जागा नाही आणि गरजही नाही. कुणी विचारलंच तर सरळ सांगायचं. त्याखाली जून ते सप्टेंबर २०१६ कॉल सेंटर, आणि सर्वांत शेवटी एम.कॉम. : नोव्हेंबर २०१५ ते मे २०१६, महाविद्यालयाच्या नावासह. दहा वर्षांची रेघ ज्या महिन्यात पडते तिथे शिक्षण चालू असेल तर सुरुवात त्याच्या खऱ्या पहिल्या महिन्यापासून दाखवलीत तरी बिघडत नाही.

कॉल सेंटरच्या ओळीत एक गोष्ट पाहा. पगार बहुधा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून आला असेल आणि काम दुसऱ्याच कंपनीच्या मजल्यावर असेल. थर्ड पार्टी पेरोलवर असलेल्या हजारो जणांची इथे चूक होते : ते मोठ्या कंपनीचं नाव लिहितात. मालक म्हणून पगार देणाऱ्याचं नाव लिहा; काम कुणासाठी केलं हे पदाच्या रकान्यात जोडता येतं. पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओच्या पोर्टलवर यूएएनने (पीएफच्या खाते क्रमांकाने) शिरून 'सर्व्हिस हिस्टरी' बघा. रुजू झाल्याची तारीख तिथे मिळते, आणि कंपनीने भरली असेल तर सोडल्याचीही. राजीनामा दिला नव्हता ही गोष्ट तुमच्या मनात ठसठसते आहे, पण हा फॉर्म ते विचारतच नाही.

तारखा आठवत नसतील तर अंदाजाने ठोकून देऊ नका. बँकेचं पासबुक, फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा तपशील), एमपीएससीची हॉल तिकिटं, ईमेलमधलं ऑफर लेटर, फोनमधल्या फोटोंच्या तारखा, यांवरून महिना बहुतेक वेळा पक्का होतो. एका मोठ्या कागदावर १२० चौकोन आखा, एका महिन्याला एक, आणि पेन्सिलने भरत जा. पोर्टल उघडण्याआधी हे केलंत तर दोन संध्याकाळी लागतील. पोर्टलवर बसून आठवायला गेलात तर आठवडा जाईल आणि चुकाही राहतील. इतकं करूनही एखादा महिना नक्की होत नसेल तर जवळचा लिहा आणि सोबतच्या खुलाशाच्या पत्रात 'हा महिना अंदाजे आहे' असं एक वाक्य घाला.

चौकोनांच्या त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने पत्ते लिहा. त्याच फॉर्ममध्ये पुढे पत्त्यांचा प्रश्न येतो आणि त्याचाही काळ तोच, दहा वर्षांचा. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुली दोन वर्षांत तीन खोल्या बदलतात आणि फॉर्ममध्ये मात्र गावचा एकच पत्ता लिहून मोकळ्या होतात. मग एका पानावर काम पुण्यात आणि दुसऱ्या पानावर राहणं सांगलीत असं दिसतं. अधिकारी नेमका अशाच जागी थांबतो. आधार कार्डावर कुठला पत्ता होता हे इथे महत्त्वाचं नाही. झोपायला कुठे होता ते लिहायचं.

तुमच्या पत्रात नाही, पण अनेकींना लागू पडेल म्हणून सांगते. त्याच फॉर्ममध्ये सरकारी पदांचा वेगळा प्रश्न असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत, सरकारी रुग्णालयात किंवा नगरपालिकेत ११ महिन्यांच्या करारावर काम केलं असेल तर ते पर्सनल हिस्टरीत येतंच, शिवाय या प्रश्नातही द्यावं. 'आपण कुठे मोठे अधिकारी होतो' म्हणून अनेक जणी तो रिकामा सोडतात. आणि तिथे 'झेडपी' असं संक्षिप्त रूप नको, पूर्ण नाव हवं. परदेशी राहिलेल्यांनी आणखी एक ताळा घ्यावा : गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात तिथलं पोलीस प्रमाणपत्र लागतं. इतिहासात शारजाचे आठ महिने आहेत आणि प्रमाणपत्र फक्त भारताचं, असं झालं की फाईल अडते. तुमच्यापुरतं पासपोर्ट सेवेतून मिळणारं भारताचं पीसीसी पुरेसं आहे.

मित्रांचा 'होममेकर टाक' हा सल्ला तुमच्या बाबतीत आणखी एका कारणाने घातक आहे. दुसरा एक फॉर्म, आयएमएम ५५३२, तुमच्या नात्याची हकीकत विचारतो : कधी भेटलात, कुणी ओळख करून दिली, तेव्हा कोण कुठे होतं. ठरवून झालेल्या लग्नात बायोडेटा फिरलेला असतो आणि त्यावर 'सीए फर्ममध्ये अकाउंट्स' असं छापलेलं असतं. लग्नाच्या पुराव्यांत तुम्ही जोडलेल्या व्हॉट्सॲप संवादांत 'आज ऑफिसला उशीर झाला' असं कुठेतरी असणारच. एकीकडे घरी बसलेली आणि दुसरीकडे ऑफिसला जाणारी, असं चित्र दिसलं की शंका नोकरीपुरती राहत नाही, ती लग्नावर येते. तुमचं लग्न खरं आहे, त्याला विनाकारण संशयात ढकलू नका.

आता २०२१. तुमच्या पत्रातली खरी गंभीर गोष्ट ही आहे, आणि यात तुम्हाला धीर देताना मी काही लपवणार नाही.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० सांगतं की महत्त्वाची गोष्ट प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे चुकीची सांगितली किंवा दडवली, आणि त्यामुळे निर्णयात चूक झाली किंवा होऊ शकली असती, तर पाच वर्षं प्रवेशबंदी. 'अप्रत्यक्षपणे' या शब्दात एजंटाने लिहिलेलंही येतं. 'मी वाचलं नव्हतं' हा बचाव सहसा टिकत नाही, कारण अर्ज तुमच्या नावाने आणि तुमच्या घोषणेने गेलेला असतो. म्हणजे जुनी चूक उघड करण्यात धोका आहे, हे खरं. पण दोन्ही वाटा शेजारी ठेवून बघा. जुना तपशील तसाच पुढे नेलात तर तेच खोटं तुम्ही नव्या अर्जात, या वेळी स्वतःच्या हाताने, जाणूनबुजून लिहाल. शिवाय ते ओढूनताणून जुळवायला क्लास, दुकान, गावचा पत्ता सगळंच बदलावं लागेल. आणि काही न बोलता फक्त खरं लिहिलंत तर आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या सिस्टिममध्ये तुमचा २०२१चा अर्ज आहेच. दोन्ही शेजारी ठेवले की फरक दिसतो. मग 'प्रोसिजरल फेअरनेस लेटर' येतं, म्हणजे 'या विसंगतीबद्दल तुमचं म्हणणं मुदतीत कळवा' असं पत्र. पकडलं गेल्यावर दिलेला खुलासा आणि आपणहून आधी दिलेला खुलासा यांचं वजन सारखं नसतं. म्हणून मी तिसऱ्या वाटेच्या बाजूची आहे : खरं लिहायचं, आणि फरक का आहे ते अर्जासोबतच सांगायचं. त्याने सगळं सुरळीत होईल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण ज्या अर्जात नोकरीला गुणच नाहीत तिथे खोट्या नोकरीने मिळणार काहीच नाही, आणि जाऊ शकतात ती पाच वर्षं.

हे करण्याआधी मात्र २०२१मध्ये नेमकं काय लिहिलं गेलं ते हातात घ्या. तुम्ही आठवणीवर बोलताय, आणि आठवणीवर खुलासा लिहिणं धोक्याचं आहे. न केलेली चूकही कबूल होऊन बसेल. स्टडी परमिटचा फॉर्म आयएमएम १२९४ असतो. त्यात नोकरीसाठी तीनच ओळी असतात, त्यामुळे एजंट काय काय कोंबतात किंवा गाळतात ते पाहिल्याशिवाय कळत नाही. आधी एजंटाकडे पीडीएफ मागा. तो देत नसेल तर नवऱ्याला कॅनडातून ॲक्सेस टू इन्फर्मेशनखाली, म्हणजे तिथल्या माहिती अधिकाराखाली विनंती करता येते. फी पाच डॉलर, आणि तुमची संमती आयएमएम ५७४४ वर सही करून. विनंतीत नुसत्या अधिकाऱ्याच्या नोंदी मागू नका, 'सादर केलेल्या सर्व फॉर्मच्या आणि जोडलेल्या कागदांच्या प्रती' असं स्पष्ट लिहायला सांगा. कायद्यातली मुदत ३० दिवसांची आहे, पण ती लांबू शकते, तेवढा वेळ धरून चला. एजंटाने त्या फर्मचं खोटं अनुभवपत्रही जोडलं होतं का, हे त्यातूनच कळेल, आणि त्याने प्रकरणाची तीव्रता बदलते.

प्रती आल्या की एकदा तरी परवानाधारक माणसाचा सल्ला घ्या. म्हणजे कॅनडातल्या एखाद्या प्रांताच्या लॉ सोसायटीचा वकील, किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत नाव असलेला सल्लागार. दोन्हींची नावं त्या संस्थांच्या संकेतस्थळावर तपासता येतात. बाकीचा अर्ज तुम्ही दोघं मिळून भरू शकता, पण या एका मुद्द्याला ऑफिस थाटून बसलेला गावातला एजंट चालणार नाही.

खुलाशाचं पत्र एका पानाचं असावं. २०२१च्या अर्जाचा क्रमांक, त्यात काय लिहिलं होतं, खरं काय होतं, ते कसं घडलं, आणि तुमच्या लक्षात कधी आलं. एजंटाला शिव्या नकोत आणि गरिबीची करुण कहाणीही नको. पासबुकाची पानं, हॉल तिकिटं, वडिलांच्या उपचारांचे कागद यांतले दोन-तीन जोडा. ते पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय अपलोड करू नका. आणि 'आधी व्हिसा नाकारला गेला आहे का' या प्रश्नाला 'हो' असं उत्तर द्या. स्टडी परमिट नामंजूर होणं हा दोष नाही, पण तिथे 'नाही' लिहिणं हे स्वतंत्र खोटं ठरतं.

सर्वांत वाईट घडलंच, तर एक दार उघडं असतं तेही माहीत असू द्या. तुमचा अर्ज भारतातून, फॅमिली क्लासमध्ये आहे. तो नाकारला तर नवऱ्याला ३० दिवसांच्या आत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येतं. चुकीच्या माहितीमुळे नाकारलेल्या प्रकरणांत एरवी हे अपील बंद असतं, पण स्पॉन्सरच्या जोडीदाराला त्यातून वगळलेलं आहे. अपिलाचं हे दार चुकून बंद होऊ नये म्हणून अर्ज करताना स्पॉन्सर अपात्र ठरला तर पुढे काय, या प्रश्नाला 'प्रक्रिया पुढे चालू ठेवा' की 'अर्ज मागे घ्या' हा पर्यायही वकिलाला विचारूनच निवडा.

नवऱ्याच्या बाजूचं थोडक्यात. जोडीदाराला स्पॉन्सर करायला सर्वसाधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही. तुमच्या कमाईने त्याची बाजू भक्कम होईल हा समज सोडा. तो अपंगत्वाखेरीज दुसऱ्या कारणासाठी सरकारी मदतीवर नसावा, पीआर असल्याने कॅनडात राहत असावा, आणि तीन वर्षं तुमच्या मूलभूत गरजांची हमी तो देतो. त्याच्या नोकरीचं पत्र आणि कर विभागाची नोटीस ऑफ असेसमेंट ही कागदपत्रं त्याची आहेत, त्याने आत्ताच काढून ठेवावीत.

सगळं भरून झालं की 'सबमिट' करण्याआधी दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसा. त्याने ५५३२ मधली एकेक तारीख वाचायची आणि तुम्ही १२० चौकोनांच्या कागदावर बोट ठेवून त्या महिन्यात कुठे होता ते सांगायचं. जिथे दोघं अडखळाल ती ओळ दुरुस्त करा. अर्ज गेल्यावर चूक सापडली तर आयआरसीसीच्या वेबफॉर्मवरून लगेच कळवता येते. अधिकारी विचारेपर्यंत थांबू नका. भरलेल्या प्रत्येक फॉर्मची पीडीएफ या वेळी स्वतःकडे ठेवा.